जोडीचा भाव

माझ्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की आत्या त्यांना बाटलीची बुडं म्हणायची. तिनंच चकलांब्याचं एक स्थळ आणलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, निरोप एवढाच की चष्मा गेला तर पुढचं बोलू. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि त्याचा मला अजून राग येतो.

गावोगाव एसटीडी बूथ निघाले होते, ते दिवस. पेपरात लेसरनं चष्मा घालवायच्या जाहिराती यायला लागल्या होत्या. माझे वडील, अण्णा, बैलांचे व्यापारी. कुठलाही खर्च बैलांत मोजल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नसे. घरातला टीव्ही म्हणजे एक गोऱ्हा, माझं डी.एड. म्हणजे दोन म्हशी. बूथवरून त्यांनी औरंगाबादच्या एका दवाखान्यात फोन लावला, आकडा ऐकला आणि खुशीत बाहेर आले.

"एका बऱ्या बैलजोडीचे पैशे. लई न्हाईत," म्हणाले.

आठवड्यानं आम्ही एसटीनं औरंगाबादला पोचलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या पापण्या वर करकरून तपासलं. "दात बघितल्यावानी बघायलाय," अण्णा माझ्या कानात म्हणाले. तपासणी संपताच अण्णांनी खुर्ची पुढं ओढली, खांद्यावरचा रुमाल स्वतःच्या हातावर टाकला आणि तो हात डॉक्टरांपुढं केला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना पत्ता लागत नाही. डॉक्टरांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी रुमालाखाली हात घालून चांगलं घट्ट हस्तांदोलन केलं. अण्णांचा चेहरा पडला.

"पाची बोटं? फोनवर तर कमी सांगितलतं!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. डॉक्टरांना मी सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. ते म्हणाले, "काका, फोनवर सांगितलेला खर्च एका डोळ्याचा आहे."

"एका डोळ्याचा?" अण्णांना पटेना. "सायेब, भाव जोडीचाच अस्तो. एकटा बैल नेऊन मानूस काय करंल?"

"समोर फलकावर लिहिलंय, बघा."

अण्णांनी भिंतीकडं बराच वेळ बघितलं. "कुठं?"

अक्षरं वीतभर होती. डॉक्टरांनी त्यांना माझ्या जागी बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला.

"काका, इतके दिवस काम कसं चाललं?"

"बैल तर म्या हातानंच बघतो," अण्णा म्हणाले.

वर्षभरापासून ते प्रत्येक बैलाच्या पाठीवरून, खुरांवरून इतका वेळ हात का फिरवत होते, पेपर माझ्याकडून का वाचून घेत होते, ते मला तेव्हा कळलं. एकाच घरात राहून मला हे दिसलं नव्हतं. मी बाहेर जाऊन नळाखाली चष्मा धुतला आणि थोडी रडले.

मोतीबिंदूचा खर्च विचारला. अण्णांचे दोन्ही डोळे माझ्या एका डोळ्याच्या पैशांत बसत होते. पण ते ऐकेनात. पोरीच्या कामाला आलोय, माझं पुढं बघू, एवढंच म्हणत राहिले. मग मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून आमच्या हातांवर टाकला आणि त्यांची दोन बोटं दाबली.

"दोन डोळे. तुमचे. सौदा झाला."

त्यांनी रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला. म्हणाले, "पोरी, धंदा चांगला करशील तू."

महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळे झाले. दुसरी पट्टी निघाल्यावर अण्णा घरात हिंडून सगळं बघत होते. भिंतीचे पोपडे, आत्याचे पांढरे केस, सगळ्यांवर शेरे मारून झाले. शेवटी माझ्यापुढं उभे राहिले.

"चष्मा तर चांगला दिसतोय की तुला. कावून काढायलो होतो आपन?"

त्याच आठवड्यात चकलांब्याहून चष्म्याची चौकशी आली. अण्णा मला घेऊन बूथवर गेले. बूथला काचेचं दार होतं, पण अण्णांचा आवाज बाजारात कमावलेला, त्यामुळं बाहेर उभी राहूनही मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"चष्मा ऱ्हानार हाय. तुमाला चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला सोताला काढायचा हाय का?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं, "पावसात लूना चालवताना काचांवर पाणी येतं, तेवढाच त्रास."

अण्णांनी थोडा विचार केला. "मंग पावसात हळू चालव," म्हणाले.