सहा पंचावन्नचा बदल

शेवटच्या क्षणी बेत बदलणारी माणसं घरोघरी असतात; पण बेत ठरल्या क्षणापासून तो कधी बदलता येईल याकडे डोळे लावून बसणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा थोरला साडू आहे. साडूभाऊ पूर्णेला राहतात. रेल्वेत असताना कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर जाणार हे ते ठरवायचे. ड्रायव्हरची विश्रांती, त्यांच्या भाषेत ‘रेस्ट’, पुरी झालेली नसेल, तर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधीसुद्धा त्याला थांबवून दुसरा पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. हे रेल्वेला कळलं आहे, साडूभाऊंना अजून कुणी कळवलेलं नाही.

मागे आम्ही दोन्ही कुटुंबं पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालो होतो. भाड्याची जीप दारात, नैवेद्याचा डबा माझ्या मांडीवर, सगळे दाटीवाटीनं बसलेले. साडूभाऊ सर्वांत शेवटी आले आणि आत बसायचं सोडून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. “राती किती वाजता झोपलाव?” ड्रायव्हर बिचारा खरं बोलला, लग्नाचं भाडं होतं, दोन वाजले म्हणाला. साडूभाऊंनी त्याला सन्मानानं खाली उतरवलं, चहा पाजला आणि घरी झोपायला पाठवलं. दुसरा येईपर्यंत दीड तास आम्ही त्याच जीपमध्ये उन्हात शिजत होतो. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशीच बदलल्या. त्यांचं आठवड्यातलं तिसरं लग्न होतं आणि गळ्याला रेस्ट नव्हती. अंतरपाट धरलेला असताना माझ्या हातात कागद आला. मला गाता येत नाही, असं मी सांगितलं. “म्हणून तर गळा ताजा हाय तुमचा,” ते म्हणाले. वरपक्षाच्या अक्षता त्या दिवशी जरा जोरातच येत होत्या.

ती मुलगी पुढे अमेरिकेला गेली आणि वडिलांचा वेळ जावा म्हणून तिनं त्यांना तिथल्या मित्रमंडळींच्या बेसबॉलच्या ऑनलाइन लीगमध्ये घातलं. या बेसबॉलमध्ये बॅट नाही, बॉल नाही, मैदान नाही आणि खेळाडूही नाहीत. कॉम्प्युटरनं तयार केलेली नावं असतात, त्यांना वय असतं, कसब असतं, थकवा असतो. प्रत्येक मालकानं आपला संघ लावून ठेवायचा. आपल्याकडे सकाळचे सात वाजले की कॉम्प्युटर सामना खेळून निकाल सांगतो. पिचर म्हणजे आपला बॉलर समजा. सामना त्याच्या हातून सुरू होतो, आणि एकदा खेळला की त्याला चार दिवस विश्रांती द्यावी लागते. ही शेवटची अट ऐकली आणि साडूभाऊंचे डोळे पाणावले, असं आक्का सांगतात. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूभाऊंवर जन्मभराची ड्यूटी लागलेली.

साडूभाऊंनी संघाचं नाव ‘पूर्णा जंक्शन’ ठेवलं आणि एक जाड रजिस्टर आखलं. पिचर कामावर आला कधी, सुटला कधी, रेस्ट किती. आदल्या दिवशी एका पिचरचं नाव जाहीर करायचं. समोरचा मालक त्याप्रमाणे आपले फलंदाज लावून निवांत होतो, कारण डावऱ्या पिचरपुढे उजवे फलंदाज बरे आणि उजव्यापुढे डावरे. मग सहा पंचावन्नला साडूभाऊ चष्मा पुसतात आणि पिचर बदलतात. रोज. अमेरिकेतले अकरा सुशिक्षित लोक सहा वर्षं या एका बोटाच्या नावानं शंख करत आहेत. एकानं पानभर तक्रार लिहिली, तर उत्तर गेलं, ‘पिचर रिपोर्टेड सिक. रिलीफ अरेंज्ड.’ ज्याला अंगच नाही त्याला ताप कसा येतो, असं मी विचारलं. “ड्रायव्हरला तरी कुठं खरा येतो?” साडूभाऊ म्हणाले.

यंदा मात्र चमत्कार झाला आणि पूर्णा जंक्शन अंतिम सामन्यात पोचलं. जिंकणाऱ्याच्या घरी वर्षभर लाकडाची एक ढाल राहते. ती सात समुद्र ओलांडून पूर्णेला येणार म्हणून आक्कांनी शोकेसची मधली फळी रिकामी करून, पुसून ठेवली होती. ज्या खेळाला त्या सहा वर्षं ‘रिकामा उद्योग’ म्हणत आल्या, त्याच्यासाठी त्यांनी आपले काचेचे पेले माळ्यावर टाकले. मी परभणीहून पहिली गाडी धरून मुद्दाम तमाशा बघायला गेलो.

जाहीर झालेला पिचर होता म्हातारा. कॉम्प्युटरच्या हिशेबानं वय बेचाळीस, खांदा गेलेला, आणि या सामन्यानंतर निवृत्त. पहिल्या वर्षापासून तो संघात होता. बदली म्हणून एक तरणाबांड डावरा पाच दिवसांची रेस्ट घेऊन तयार होता. सहा पन्नास झाले. आक्कांनी चहा ठेवला. सहा पंचावन्नला साडूभाऊंनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि तसेच बसून राहिले.

“साडूभाऊ, बदला की,” मी म्हणालो. “ढाल जायलीय हातातून.”

“बसा हो जरा.”

सहा अठ्ठावन्न झाले. मग ते रजिस्टरकडे बघत बोलायला लागले. “एक ड्रायव्हर होते आमच्याकडं. लय साधा माणूस. शेवटचा दिवस होता त्यांचा. इंजिनाला फुलं बांधलेली, फलाटावर सगळी कॉलनी उभी. पर आदल्या राती मालगाडी लेट आलती, रेस्ट चाळीस मिनिटं कमी पडायलती. मी बदललं त्यांना. पाच मिनिटं राहिलेली असताना.”

“काही बोलले का ते?”

“बराबर केलंत म्हणले. पेटी सायकलला बांधली अन् गेले घरी. माझी चूक न्हाई त्यात, आजबी तसंच करीन. माणसं बसलेली असतात गाडीत.” त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. “हितं कोण बसलंय?”

सात वाजले.

गंमत अशी की साडूभाऊ बदल करणारच, या खात्रीनं समोरच्यानं सगळे फलंदाज डावऱ्या पोराच्या हिशेबानं लावले होते. म्हातारा होता उजवा. आयुष्यात पहिल्यांदा पिचर न बदलून साडूभाऊंनी समोरच्याला असं फसवलं की तसं सहा वर्षांच्या बदलांनाही जमलं नव्हतं. म्हाताऱ्यानं सामन्याच्या नऊ डावांपैकी सात सांभाळले आणि पूर्णा जंक्शन पुढे असताना तो मैदानाबाहेर आला. पुढच्या दोन डावांत त्याच्या जागी आलेल्या ताज्या दमाच्या मंडळींनी एका धावेनं सामना घालवला.

मी खवचट काहीतरी बोलणार होतो. सहा वर्षांची संधी होती. पण साडूभाऊ पेनचं टोपण काढून रजिस्टरमध्ये म्हाताऱ्याची सुटायची वेळ लिहीत होते. रेस्टच्या रकान्यात रोज तास लिहायचे, तिथं त्यांनी लिहिलं, ‘पुरी’. “गाडी त्यानं बराबर आणून दिलती,” ते म्हणाले आणि नाक शिंकरायला मोरीत गेले. मला फार वाईट वाटलं, ढालीचं नव्हे.

आक्का दारात उभ्या होत्या. “त्या दिवशी फलाटावर मी बी होते,” त्या हळूच म्हणाल्या. “कॉलनीतर्फे घालायचा हार माझ्याच हातात होता. ते सायकल घेऊन समोरून गेले, अन् मला हात उचलवला न्हाई. यांना कधी सांगितलं न्हाई मी.”

“मग हाराचं काय केलं?”

“घरी आणला. देवाला बी घालवंना. वाळला तसाच.”

त्यांनी रजिस्टर उचललं आणि शोकेसच्या रिकाम्या फळीवर नीट उभं करून ठेवलं. मग देवघरात जाऊन नुकताच घातलेला झेंडूचा हार काढून आणला आणि रजिस्टरला घातला. साडूभाऊ तोंड पुसत बाहेर आले, त्यांनी फळीकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं. हाराची एक बाजू जरा खाली आली होती, तेवढी त्यांनी सारखी केली.