गोळीचा मुहूर्त

फणसवाडीत दुर्गाबाई धैर्यवानांचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक त्यांच्या हातचं कोलंबीचं भानोलं आणि दुसरी त्यांनी ओवलेली मण्यांची तोरणं. भानोलं त्या रोज करू शकत. तोरणाला मात्र निवांत वेळ लागतो, आणि पाठारे प्रभूंच्या घरात सासू, गृहिणी, आई अशी सगळी पदं सांभाळणाऱ्या बाईला निवांत वेळ एकाच कारणाने मिळे. कावळा शिवला की.

तीन दिवस मागच्या खोलीत बसायचं. चुलीला हात लावायचा नाही, देवघराकडे फिरकायचं नाही, पाणी भरायचं नाही, पाहुण्यांना काय हवं-नको ते विचारायचं नाही. ताट उंबऱ्याशी आपोआप यायचं. बाकीच्या बायका याला जाच म्हणायच्या. दुर्गाबाई तोंडाने तेच म्हणायच्या आणि खोलीत गेल्या की मण्यांचा डबा उघडायच्या. खिडकीतून वाडीची विहीर दिसे, जांभळाचं झाड दिसे, आणि विहिरीवर कोण कोणाशी बोलत नाही तेही दिसे.

मग सत्तेचाळिसावं लागलं आणि कावळ्याने येणं हळूहळू कमी केलं. आधी एखादा महिना चुकवला, मग दोन, आणि पुढे त्याने घरच सोडलं. दुर्गाबाईंनी थोडे दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी स्वयंपाकघरात पापलेटं, पाटा-वरवंटा आणि संध्याकाळी येणारे नवऱ्याचे चार मित्र असं सगळं एकदम समोर आलं, तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "सरोजिनी, मला शिवू नकोस गं." आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन बसल्या.

पुढच्या महिन्यातही तेच केलं. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंच नाही. इतकी वर्षं जे हक्काचं होतं ते चालू ठेवलंय, एवढंच वाटलं.

पण कावळा जाताना अंगात भट्टी पेटवून गेला होता. बसल्या जागी छातीतून एक ज्वाळ उठायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, चेहरा लालबुंद व्हायचा, घामाने चोळी भिजायची, आणि थोड्या वेळाने थंडी वाजायची. यजमान मनमोहनराव घड्याळाला, सोडा-वॉटरच्या यंत्राला, विलायती पंख्याला, जे जे नवं निघेल त्याला भुलणारे. फोर्टातल्या एका हपिसात ते हेडक्लार्क होते. बायकोच्या अंगातली वाफ कोणत्या यंत्राने मोजता येईल, याचाही त्यांनी विचार केला असावा.

१८९८ च्या फाल्गुनात प्लेगची तपासणी फणसवाडीत आली. अंगात ताप दिसला की माणूस उचलून इस्पितळात, आणि इस्पितळातून परत कोण येतं हे कोणी पाहिलं नव्हतं. बायकांना तपासायला एक पारशी डॉक्टरीण होत्या, शिरीनबाई. ठेंगण्या, काळ्या बुटांच्या, फार घाईत असलेल्या. त्या जिना चढत होत्या आणि दुर्गाबाईंच्या छातीत नेमकी भट्टी पेटली.

"सासूबाई, तुमचा चेहरा!" सरोजिनी घाबरून पुटपुटली.

"पंखा घाल, पंखा घाल!"

पंखा घालायला वेळच मिळाला नाही. शिरीनबाई आत आल्या, दुर्गाबाईंकडे पाहिलं आणि थबकल्या. दाराबाहेर शिपाई उभा होता. मनमोहनराव पडद्यामागे उभे राहून रामरक्षा म्हणत होते, तीही मोठ्याने. शिरीनबाईंनी दुर्गाबाईंच्या जिभेखाली काचेची नळी ठेवली, काखेत आणि जांघेत गाठ चाचपली, मग नळी उजेडात धरली.

"ताप-बीप काय नाय," त्या म्हणाल्या. "वय काय तुमचं?"

"सत्तेचाळीस."

"असं होय. मंजे आत उकळी येते. महिना येतो काय अजून?"

सरोजिनी शेजारीच उभी होती. मागच्याच आठवड्यात दुर्गाबाई तीन दिवस बसून, न्हाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "येतो की! अगदी वेळच्या वेळी."

शिरीनबाईंनी भुवई उंचावली, पण वाद घातला नाही. त्यांनी सांगितलं की विलायतेत एक नवी गोळी निघाली आहे. या वयात बाईच्या पोटात जे आटत जातं, ते मेंढीच्या पोटातून काढून, वाळवून, पूड करून गोळीत घालतात. गुण येईलच असं छातीठोक सांगता येणार नाही, फार नवीन आहे. पण करून पाहायला हरकत नाही.

पडद्यामागची रामरक्षा थांबली. "विलायतेत?" मनमोहनरावांनी विचारलं.

"हो. पन एक लक्षात ठेवा," शिरीनबाई उठता उठता म्हणाल्या. "बाईला अजून महिना येतो, तर मधेच सुरू नाय करायची. महिना येऊन, संपून, न्हाऊन झालं, मग दुसऱ्या दिवशी पयली गोळी. नाय तर पुढे लाल दिसलं तर ते गोळीने गेलं की महिन्याने, ते कोन सांगणार?"

मनमोहनरावांनी त्याच आठवड्यात फोर्टातल्या औषधवाल्याकडे गोळ्या मागवल्या. बोटीने येता येता श्रावण उजाडला. निळ्या बाटलीत करड्या गोळ्या. त्यांनी ती बाटली स्वतःच्या हाताने फडताळात ठेवली आणि सुनेला बजावलं, "हात नाही लावायचा कोणी. तुझ्या सासूला आधी... म्हणजे... तुला कळलंच."

आता दुर्गाबाईंची पंचाईत झाली. बसायचं नाटक सोपं होतं. पण न्हाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी गोळी घ्यावी लागणार, आणि डॉक्टरणीने ती खऱ्या महिन्याशी बांधून दिलेली. खोट्या महिन्यावर खरी गोळी घेतली तर काय होईल? मेंढीला काय कळणार आपण थाप मारली आहे ते! कदाचित उलटंच व्हायचं. औषध म्हणजे काही सून नव्हे, खोटं चालवून घ्यायला.

म्हणून त्यांनी बसणंच बंद केलं. श्रावण गेला तसा मनमोहनरावांचा धीर सुटत चालला. रोज सकाळी हपिसाची पगडी चढवताना ते खालच्या आवाजात विचारत, "अजून नाही?"

"नाही."

"यंदा उशीर झाला गं."

जणू काही बोट यायची होती.

वरळीची गुणवंती कोळीण बऱ्याच वर्षांपासून त्यांच्याकडे मासळी घेऊन येई. दुर्गाबाईंच्याच वयाची. एकदा मागच्या जिन्याशी कोलंबी निवडता निवडता दुर्गाबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं. गुणवंती इतकी हसली की तिच्या कानातल्या बुगड्या नाचल्या.

"अगो बाय, गेली त गेली! आमचे वरळीन कोनी तिची वाट नाय बगत. माजी गेली तवा मी देवीला नारल फोरला. धुन्याचा तरास कमी जाला."

"आणि ती भट्टी?"

"ती हाय की! पाटी डोक्यावर असली का घाम कोनचा, भट्टीचा का उन्हाचा, कोन बगतंय? तू सुकटीचा पानी पी. गोली नको न् मेंढी नको."

दुर्गाबाईंनी घरी सुकटीचं पाणी उकळून प्यायलं. उलटी झाली, भट्टी तशीच राहिली.

मग भाद्रपद आला. धैर्यवानांच्या घरी गणपती. माजघर माणसांनी गच्च, समया, धूप, कापूर, आणि बाहेर पावसाने कोंडलेली हवा. दुर्गाबाई भरजरी लुगडं नेसून आरतीला उभ्या होत्या. झांजा रंगात आल्या आणि ज्वाळ उठली. आजवर उठली नव्हती अशी. त्यांना डोळ्यांपुढे काही दिसेना. बायकांतून वाट काढत त्या धावत मागच्या खोलीत गेल्या, खिडकी उघडली आणि हाताला लागलेल्या सुपाने वारा घ्यायला लागल्या.

भर आरतीत यजमानीणबाई देवापुढून पळाली, तेही मागच्या खोलीत! बायकांत कुजबुज झाली. कोणीतरी पदर तोंडाला लावून म्हणालं, "अगं बाई, देवासमोरच!" झांजा मंदावल्या. गुरुजींची घंटा थांबली. आणि हातात आरतीचं तबक तसंच धरून मनमोहनराव दाराशी आले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"आली? आली का?"

दुर्गाबाईंनी सूप खाली टाकलं. त्यांना त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, मेंढीचा आला, विलायतेचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला.

"नाही आली!" त्या ओरडल्या. "वर्ष झालं आलेली नाही. आता यायची पण नाही. कावळा मेला! ऐकलंत सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. मग गुरुजींनी घसा साफ केला.

"म्हणजे विटाळ नाही ना? मग आरती पुढे चालू द्या."

आणि आरती पुढे चालू झाली.

पाहुणे गेल्यावर सरोजिनी सरबताचा पेला घेऊन आली. दुर्गाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"मला ठाऊक होतं, सासूबाई," ती म्हणाली. "धुणं मीच वाळत घालते ना."

"मग बोलली का नाहीस? तीन तीन दिवस एकटी राबत होतीस माझ्यापायी."

सरोजिनीने पेला पुढे केला. "त्या खोलीत तुम्ही गुणगुणता. घरात एरवी तुमचं गुणगुणणं कधी ऐकलं नाही मी. मला वाटलं, असू दे."

दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी भट्टीच्या घामाबरोबर पुसून टाकलं आणि सरबत एका घोटात संपवलं.

गौरी-गणपती बोळवल्यावर दोघी, आणि त्यांच्या मागे छत्री घेतलेले मनमोहनराव, शिरीनबाईंच्या धोबीतलावाच्या दवाखान्यात गेले. दुर्गाबाईंनी एका दमात खरं सांगितलं. शिरीनबाई रागावल्या नाहीत.

"मला तवाच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमी फार जोरात 'येतो की' बोलल्या. आता ऐका. महिना बंद होऊन वर्ष झालं, तर वाट कशाची बघायची? आज घ्या, उद्या घ्या, बुधवारी घ्या, अमावास्येला घ्या. ज्या बाईला येतो तिला मुहूर्त. तुमाला सगळे दिवस सारखे. फक्त पुढे कधी लाल दिसलं तर थापा नाय मारायच्या, लगेच माझ्याकडे यायचं."

सगळे दिवस सारखे, हे शब्द दुर्गाबाईंना एकदम हलके वाटले आणि एकदम ओकेबोकेही.

सरोजिनीने सासऱ्यांकडे पाहिलं, मग डॉक्टरणीकडे. "बाई, या गोळीबरोबर आराम लागतो का हो? म्हणजे, अधूनमधून? चुलीपासून लांब?"

शिरीनबाईंनी सुनेकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि सगळ्यांत शेवटी दारात छत्री निथळवत उभ्या असलेल्या मनमोहनरावांकडे.

"लागतो तर!" त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "दर महिन्याला तीन दिवस सक्त आराम. नाय तर मेंढी फुकट गेली समजा."

"विलायतेत असंच करतात?" मनमोहनरावांनी विचारलं.

"विलायतेत चार दिवस करतात. तुमाला तीन पुरे."

पहिली गोळी दुर्गाबाईंनी त्याच संध्याकाळी घेतली, गूळ तोंडात धरून. दिवाळीपर्यंत भट्टी निवत आली. मनमोहनराव सगळं श्रेय मेंढीला देत. शिरीनबाई म्हणत, थंडी पडली म्हणूनही असेल, कोणी सांगावं. मागच्या खोलीत तोरणं होत राहिली, आणि सरोजिनी बसली की दुर्गाबाई तिचं ताट उंबऱ्याशी ठेवताना सोबत दोन वाट्या जास्तीच्या ठेवू लागल्या.

पुढच्या वर्षी बाटली संपली. मनमोहनरावांनी आणखी मागवायचं काढलं तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "नको. आता नाही पेटत." ते दिवसभर हिरमुसले. दुसऱ्या दिवशी फोर्टातून घरी आले ते एक लाकडी पेटी घेऊन. तिच्यातून म्हणे माणसाचा आवाज निघायचा होता.