वेळेवर व्याख्यान, आणि आमची ओहोटी गेली

बायांनो, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आज सकाळी आठला आमच्या बचत गटात 'चांगल्या सवयी आणि वेळेचं नियोजन' यावर व्याख्यान होतं. गटाची अध्यक्ष म्हणून सगळ्यांना मीच गोळा केलं. आमच्या बायका ओहोटीला खडकांवर जाऊन कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढतात, त्यावरच घर चालतं. आजची ओहोटी दहाची होती. म्हटलं, नऊला मोकळ्या होतील.

साडेआठला व्याख्यान देणाऱ्या साहेबांचा फोन, "रेवसच्या धक्क्याला उतरलोय, आलोच!" आले साडेदहाला. म्हणे, वाटेत नाश्त्याला थांबलो. आणि सांगतात काय, तर पहाटे पाचला उठत जा! आमच्या बायका चारला चूल पेटवतात हो!

संपलं तेव्हा बारा वाजून गेले होते. शेजारी बसलेली भामीमावशी हळूच म्हणाली, "पाणी चढलं गो. आता कालवं काय पोहून काढू?"

मला तिच्याकडे बघवेना. कारण नऊला "उठा, कामाला लागा" म्हणायचं सोडून मीच सगळ्यांना बसवून ठेवलं होतं. वर शेवटी टाळ्याही मीच सुरू केल्या.

साहेब येईपर्यंत बसून राहायची ही सवय आपल्याला कोणी लावली? आणि ती मोडायचं व्याख्यान कोण देणार?