दहा गुणांची खुर्ची

माझी मावशी कॉलेजात साहित्य शिकवते आणि तिच्या मते जगात साधी अशी वस्तूच नाही. दार असेल तर ते नुसतं दार नसतं. जुन्या साहित्यात दार वाजलं की पाहुणा येतो, नव्या साहित्यात दार वाजतं आणि बाहेर कुणीच नसतं, हे ती इतकं रंगून सांगते की तास संपला तरी पोरं उठत नाहीत. कॉलेजात तिला 'प्रतीकबाई' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मी तिच्या अगदी उलट. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. साखर वाढली म्हणजे साखर वाढली, तिथं रूपक चालत नाही. लहानपणी तिनं मला गोडी लावायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

"अगं, रोज रक्त बघतेस, तुला काहीच सुचत नाही?" ती कपाळाला हात लावायची.

"सुचतं की. हात धुवावेत असं सुचतं."

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अशा वेळी माझ्या बाजूनं हसायचे. ते दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे आणि बोलायचेही तसेच, जेवढ्यास तेवढं. मावशी एखाद्या कवितेतल्या नदीवर तासभर बोलली की शांतपणे विचारायचे, "पण तिला पाणी होतं ना?" ती चिडायची, मग दोघं हसायची. जोडी विजोड होती, पण संसार झकास चालला होता.

मग काका अंथरुणाला खिळले. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून त्यांचा पलंग, पलंगापाशी भेटायला येणाऱ्यांसाठी एक उंच पाठीची खुर्ची, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला मावशीचं टेबल. परीक्षेचे दिवस होते. रजा मिळाली नव्हती, म्हणून ती उत्तरपत्रिका घरी आणून तिथंच तपासायची, म्हणजे त्यांच्याजवळ राहता येईल.

एका दुपारी काका म्हणाले, "ती खुर्ची तिथून हलव."

खुर्ची रिकामी होती. दुसरं कुणी असतं तर उठलं असतं आणि खुर्ची हलवून परत कामाला लागलं असतं. मावशीनं पेन खाली ठेवलं आणि ती विचारात पडली. रिकाम्या खुर्चीवर यांना कोण दिसतंय? बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "अहो, कुणी बसलंय का तिथं?" उत्तर आलं नाही. ती उठून पलंगापाशी गेली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

तेव्हापासून ती खुर्ची जागची हलली नाही. झाडू तिच्या पायांभोवतून फिरायचा. काकांच्या पलंगावर कुणी बसायचं नाही, मावशी स्वतः तर नाहीच. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खोली अंधारायची तेव्हा मावशी आतल्या दारात उभी राहून खुर्चीकडे बघत राहायची. एकदा मी तिच्या शेजारी उभी होते. लाकूड कुरकुरलं. हवा बदलली की लाकूड कुरकुरतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मी आधी दिवा लावला.

"त्यांनी मलाच हलायला सांगितलं असेल का गं?" तिनं मला त्या उजेडात विचारलं.

"तू टेबलाशी होतीस. खुर्चीवर नव्हतीस."

"तसं नव्हे. वर्षभर हे आजारी, आणि मी परक्या पोरांची उत्तरं वाचत बसले. यांनी एकदासुद्धा तक्रार केली नाही. एकदासुद्धा नाही! म्हणजे आत किती साठलं असेल."

आता या बाईला काय सांगायचं? तक्रार केली नाही म्हणजे तक्रार नव्हती, असा सरळ अर्थ तिला सात जन्मांत पटला नसता. माझा संताप व्हायचा आणि कीवही यायची. ती निम्मी झाली होती. जेवायला बसली की खुर्चीकडे पाठ येणार नाही अशी बसायची आणि दोन घासांत उठायची.

त्यात तिनं एक प्रताप केला. कॉलेजच्या चाचणीत तिनं प्रश्न घातला: 'मरणाच्या दारातला एक माणूस रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतो, ती खुर्ची तिथून हलव. या वाक्यातील प्रतीक उलगडून दाखवा. गुण दहा.' हा उतारा अभ्यासक्रमात कुठं आहे म्हणून प्राचार्यांनी बोलावून विचारलं. ती म्हणाली, अजून छापला गेलेला नाही. पोरांनी मात्र पानंच्या पानं भरली. खुर्ची म्हणजे सत्ता. खुर्ची म्हणजे मृत्यूचं आसन. खुर्ची म्हणजे अपुरी राहिलेली इच्छा. मावशी एकेक उत्तर असं वाचायची, जणू आपला निकाल लागतोय. आणि एका मुलीनं लिहिलं होतं, 'खुर्ची म्हणजे पत्नी. ती जवळ आहे, पण रिकामी आहे.' मावशीनं तिला दहापैकी दहा गुण दिले आणि त्या दिवशी पाण्याचा घोटही घेतला नाही.

हे ऐकून मी सुट्टी टाकली आणि तिच्याकडे राहायला गेले. जाताना वाणसामानाची पिशवी उचलली, तिथंच माझी कंबर धरली. तिच्या घरी पोचले ती वाकडीच. आतली गादी मऊ, त्यावर कळ आणखी वाढली. लाकडी फळ्यांचा पलंग एकच होता.

"तिथं नको गं," मावशी म्हणाली.

"मग मला उभीच राहू दे आयुष्यभर," मी खेकसले आणि जाऊन काकांच्या पलंगावर आडवी झाले. ती टेबलाशी जाऊन बसली. कागद उलटल्याचा आवाज यायला लागला.

कळ थोडी ओसरली तशी मी तिला चहा मागावा म्हणून मान वळवली. समोर खुर्चीची पाठ होती. बाकी काही नाही.

"मावशी, आहेस ना?"

"इथंच आहे की. टेबलाशी."

"मला दिसत नाहीयेस. ही खुर्ची मध्ये येतेय."

कागदांचा आवाज थांबला. बोलून गेल्यावर मी काय बोलले ते मला कळलं, पण मला उठवेना. मावशी आली, पलंगाच्या कडेला उभी राहिली आणि माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याखालच्या उशीकडे बघत राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "तिकडं जाऊन बस. माझ्या जागी."

मी कंबर धरून कशीबशी टेबलापर्यंत गेले. तिच्या जागी बसले. ती पलंगावर आडवी झाली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिनं उशीवर डोकं टेकलं आणि ती मला दिसेनाशी झाली. मध्ये ती उंच पाठ, आणि तिच्यापलीकडे एक माणूस, ज्याचं काय चाललंय ते इथून कळायला मार्ग नव्हता.

मग रडताना येतो तसा श्वास ऐकू आला.

"एवढंच होतं गं," ती म्हणाली. "यांना नुसतं माझ्याकडे बघायचं होतं. आणि मी अर्थ लावत बसले."

खोटं बोलून तिला समजावणं मला जमलं नसतं, आणि खरं होतं ते तिनंच सांगून टाकलं होतं. मग पलीकडून आवाज आला, हळू, दमलेला, पण अगदी स्पष्ट.

"ती खुर्ची तिथून हलव."

मी ताडकन उठले. कंबरेतून कळ गेली ती थेट डोक्यात. तशीच धावले आणि खुर्ची बाजूला ओढली.