टाकीतून मारलेली हाक

इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आतून घासून काढायच्या, हा डुबकीदादांचा धंदा. हे नाव लोकांनी ठेवलेलं. दादांना स्वतःला पोहता अजिबात येत नव्हतं. पण देवावर विश्वास असा, की दोराची गाठ मारतानाही अर्धं लक्ष वर. "तो आहे ना सोडवायला!" असं ते म्हणाले, की बायको फणकारायची, "त्याला दुसरी कामं नाहीत का? गाठ दोनदा मारत जा."

त्या दुपारी गाठ एकदाच मारली होती. टाकी लख्ख घासून झाली, दादांनी वर चढायला दोराच्या शिडीवर पाय ठेवला आणि गाठ सुटली. दादा धप्पकन खाली, अख्खी शिडी डोक्यावर. भिंती ओल्या आणि गुळगुळीत, झाकणाचं भोक दोन पुरुष उंच. मोबाइल बाहेर कठड्यावर, शर्टाच्या खिशात. तो वाजायला लागला, बायकोचाच असणार. "उचलता येत नाही गं," दादा आतूनच समजुतीने म्हणाले.

ओरडून ओरडून घसा बसला. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने रखवालदार खालून पंप सुरू करणार, हे त्यांना आठवलं. ते गुडघ्यांवर बसले, डोकं पार तळाला टेकवलं. डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"देवा, तुझ्याशिवाय कोणी नाही रे. ऐकतोयस ना?"

"कोण ओरडतंय?" तळाच्या नळीतून आवाज आला.

दादा ताडकन उठून बसले. आवाज बाईचा होता! इतकी वर्षं आपण चुकीची हाक मारत होतो, म्हणून त्यांनी घाईघाईने कान पकडले.

"माफ कर माते! मी डुबकी, तुझा भक्त."

"कुठून बोलतोयस?"

हिला ठाऊक नसेल होय? परीक्षा बघतेय, दादांनी ताडलं. "अंधारातून, माते. चारी बाजूंनी भिंती आहेत."

"दारू प्यायलायस का?"

"सोडली, माते! मेव्हण्याच्या लग्नात थोडीशी, तीही त्याने बळेच पाजली."

"अरे मेल्या, टाकी साफ करायला आलेला तूच ना? थांब तिथेच, गॅस बंद करून येते."

देवीकडे गॅस आहे म्हटल्यावर दादा जरा विचारात पडले.

तो आवाज होता चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचा. स्वयंपाकघरातला कोरडा नळ त्यांनी उघडला आणि त्यातून दादांची प्रार्थना बाहेर आली. बाईंचे गुडघे कामातून गेलेले. तरी रखवालदाराला हाका मारून, त्याच्या खांद्यावर लाकडी शिडी देऊन, त्या कण्हत गच्चीवर पोचल्या. दादा बाहेर आले ते आकाशाकडे हात जोडतच.

"देवबिव काही नसतो," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मी नळ उघडला म्हणून वाचलास."

"पाणी बंद आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की. सकाळी तूच दारोदार सांगत फिरलास."

"मग नळ कशाला उघडलात?"

"सवय," बाई पुटपुटल्या. दादांनी पुन्हा वर बघून हात जोडले, तशा बाई कडाडल्या, "अरे, जिने मी चढलेय!" दादांनी मग त्यांनाही वाकून नमस्कार केला.

घरी बायकोने डोक्यावरचं टेंगूळ शेकता शेकता सगळं ऐकून घेतलं. हसू दाबून तिने विचारलं, "काय हो, देवाचा आवाज होता तरी कसा?"

"डिट्टो तुझ्यासारखा," दादा म्हणाले. "आधी झापलं, मग बाहेर काढलं."