विहिरीतच का ओतायचं?

आमच्या सरांच्या संशोधनाचा विषय काय, असं लातूरमध्ये कोणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघायची. 'गणिती तर्कशास्त्र' म्हटल्यावर माणसं मान डोलवायची आणि सोयाबीनच्या भावाकडे वळायची. सरांच्या डाळमिलवाल्या घरमालकानं तर तोंडावरच विचारलं होतं, "सर, ह्याचं पुढं होतंय तरी काय?" सर म्हणाले, "काहीच होत न्हाई. मला झोप चांगली लागती." घरमालकानं दयेनं त्यांच्यासाठी चहा मागवला.

विषय खरं तर सांगायला सोपा आहे. गणितात आधी काही गोष्टी गृहीत धरतात आणि त्यांच्यावरून पुढचं सिद्ध करतात. बाकीचे गणिती विचारायचे, यातून आणखी काय निघेल? सर उलटे चालायचे. सिद्ध झालेली गोष्ट हातात घेऊन ते विचारायचे, हिच्यासाठी यातलं कोणतं गृहीतक खरंच लागत होतं? एकेक काढून बघायचे. या एका प्रश्नावर त्यांनी जन्म घातला. त्यांचे निबंध परदेशात छापून यायचे, दूरदूरचे पाहुणे पत्ता विचारत यायचे आणि सर त्यांना भेटायचे ते मिलच्या माडीवरच्या दोन खोल्यांत, तुरीच्या भुसकटानं पांढऱ्या झालेल्या कागदांच्या ढिगात. मोठ्या संस्थांनी त्यांना कितीदा बोलावलं. "इथल्या पोरांनी कुठं जायचं?" एवढंच ते म्हणायचे. त्या पोरांतली मी एक. बौद्ध वस्तीतली, रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची मुलगी, आणि गावातून एम.एस्सी.ला आलेली पहिली.

वर्गात फळ्यावर आम्ही काही लिहिलं की सर मागच्या बाकावरून विचारायचे, "हे कशाला लागतंय?" तो प्रश्न आम्हाला असा चिकटला की मेसमध्ये भाजीत पाणी जास्त झालं तरी आम्ही तेच विचारायचो.

जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांवर ताज्या रंगाच्या पाट्या होत्या आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. आमच्या गावाला टँकर सुरू झाला. टँकर यायचा, गावविहिरीत पाणी ओतायचा आणि जायचा. वस्तीचा आड आटलेला, म्हणून माय गावविहिरीवर जायची. पण विहिरीला हात लावायचा नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला सवड झाली की ती वरून पाणी वाढायची. धर्म बदलून आम्हाला इतकी वर्षं झाली होती, विहिरीला त्याची खबर नव्हती.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी विहिरीत वाकून बघितलं, पाणी दिसलं. ज्या गावाच्या विहिरीला पाणी, त्याला टँकर नाही, असा नियम. टँकर बंद! ते पाणी टँकरचंच आहे, हे सरपंचांनी परोपरीनं सांगितलं. साहेबांना पटलं, नियमाला पटलं नाही. विहीर कोरडी पडली की टँकर सुरू व्हायचा, विहिरीत ओतायचा आणि पुन्हा बंद पडायचा.

मी हे सरांना सांगितलं तर सर खदखदून हसले. मला असा संताप आला! "सर, माझी माय तिकडं उन्हातान्हात दुसऱ्याच्या मळ्यात पाण्याला जातीय, आन् तुम्ही हसताय!"

सरांचं हसू जागीच थांबलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "बैस. सगळं सांग, काही गाळू नको." मी सगळं सांगितलं. खाली ठेवलेल्या घागरीचंही सांगितलं. ते कधी कुणाला सांगेन असं वाटलं नव्हतं. मग सरांनी विचारलं,

"टँकर विहिरीतच का ओतायचा?"

"तसंच असतंय, सर."

"पण ते कशाला लागतंय?"

रविवारी एस.टी.नं ते माझ्याबरोबर गावात आले. शाळेच्या बांधकामासाठी बांधलेला सिमेंटचा हौद तिथं रिकामा पडला होता. त्याला तोटीही होती. सरपंचांनी खुर्ची दिली, ती सरांनी हौदाच्या सावलीत ओढली.

"टँकर ह्यात ओता. विहीर कोरडी राहील, नियम राहील, टँकर बी राहील."

"लई सोपं हाय की हो सर!" सरपंच मांडीवर थाप मारत म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हौदाच्या तोटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण इथं तर सगळेच येतील."

"येतील की. टँकरला त्याची काय अडचण?"

सरपंच सुपारी चघळत राहिले. यांनी नाही म्हटलं की माय पुन्हा त्या घागरीपाशी उभी राहणार होती. सरपंचांच्या घरची बाईही सकाळपासून डोक्यावर पाणी वाहत होती. शेवटी ते म्हणाले, "हाव. ओतू द्या इथंच."

पुढच्या खेपेला मी गावी गेले तेव्हा माय हौदापाशी रांगेत होती. तिचा नंबर आला. तिनं तोटी उघडली, घागर भरली, तोटी बंद केली. मग परत थोडी उघडून पाहिली आणि परत बंद केली. मागच्या बाया ओरडल्या तरी ती लगेच हलली नाही.

सरांना मी हे रडत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तोटी गळत तर न्हाई ना?" मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांना ते आवडत नसे, म्हणून नाही पडले.

पुढं मी नांदेडला शिकवू लागले. सरांच्या सिद्धांतावर बोलले की कोणी तरी विचारतंच, याचा उपयोग काय. मी त्यांना हौदाचं सांगते, पण माझ्या मनात पुढचं असतं.

त्या टंचाईनंतरच्या पावसाळ्यात विहीर भरली, टँकर बंद झाला आणि हौद वाळला. मी सुट्टीत घरी होते. माय पोहरा आणि नवा दोर घेऊन निघाली, मी घाबरून मागे गेले. विहिरीवरची एक बाई सवयीनं पुढं आली, "ठेव घागर, वाढते."

"राहू दे," माय म्हणाली, आणि तिनं पोहरा आत सोडला. "मला शेंदता येतंय."