आक्कांचा गुडघा आणि ॲमस्टरडॅमची चित्रं

या ब्लॉगवर आजवर ढोबळी मिरचीची रोपं, शेडनेटमधली कीड आणि कैरीचं लोणचं याखेरीज काही आलेलं नाही. त्यामुळे परदेशातल्या चित्रांवर मी लिहितेय म्हटल्यावर नेहमीच्या वाचक मैत्रिणी हसतील. हसा. पण ज्यांच्या लेकी-सुना युरोपात आहेत आणि ज्यांना "या ना एकदा" असा फोन येत असतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. तिकीट, ट्राम, जेवण सगळं सांगते. मधे मधे आक्कांचा गुडघा येईल, त्याला इलाज नाही. ट्रिप त्याच्यापायीच घडली आणि गाजलीही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची घरं निरवांगीत एकाच अंगणात आहेत, चुली मात्र आठ वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्याआधी अकरा माणसांच्या घरात आक्कांचा उजवा गुडघा दुखायला लागला आणि वाकून करायचं जेवढं काम होतं तेवढं माझ्याकडे आलं. भाकरी, धारा, धुणं, खुरपणी. आक्का बाजेवर बसून लसूण सोलायच्या. मला शंका होती, कारण हळदीकुंकवाला निघताना तो गुडघा कधी दुखत नसे. वाटणीच्या दिवशी चार माणसांसमोर मी बोलून गेले, "बरं झालं, गुडघा वाटणीत येत न्हाय, न्हायतर तोबी माझ्याच वाट्याला आला आसता." माणसं हसली. आक्का हसल्या नाहीत. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. मोटर बंद कर, पाहुणे आलेत, दूध उतू चाललंय, एवढंच.

आक्कांची लेक प्राजक्ता नेदरलँड्समध्ये, हेग शहराजवळच्या एका हरितगृहांच्या कंपनीत नोकरीला आहे. तिनं आईवडिलांना मे महिन्यात बोलावलं. भाऊजींनी डाळिंबाचं कारण सांगून अंग काढून घेतलं. गुडघ्यामुळे आक्का एकट्या जायला तयार नव्हत्या. शेवटी प्राजक्ताचा मला फोन आला, "काकी, आईला तूच घेऊन ये." आमच्या ह्यांनी लगेच भविष्य वर्तवलं की दोघी विमानतळावरूनच भांडून परत येतील. खरं सांगते, त्यांचं भविष्य खोटं पाडायला म्हणून मी हो म्हटलं.

व्हिसासाठी पुण्याला जावं लागतं आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. शेतात काम करणाऱ्या बायकांना सूचना: आठवडाभर आधी हाताला रोज तेल किंवा क्रीम चोळा. आमच्या दोघींच्या बोटांवर यंत्राला काही सापडेना. तिथल्या मुलीनं हात पुसून, पुन्हा पुन्हा दाबून कसेबसे ठसे घेतले. आक्कांची बोटंही माझ्याइतकीच झिजलेली होती, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

बारामतीहून भाड्याची गाडी करून मुंबई गाठली. प्राजक्तानं विमान कंपनीला आधीच कळवलं होतं, त्यामुळे विमानतळाच्या दारात आक्कांसाठी चाकाची खुर्ची हजर. आक्का पदर सावरून बसल्या आणि रांगा दुभंगत गेल्या. सोबतीण म्हणून मीही मागोमाग. ज्या रांगेत लोक तासभर उभे होते, ती आम्ही लिमलेटची गोळी विरघळायच्या आत पार केली. गुडघ्याचा मला झालेला तो पहिला फायदा.

पहिले दोन दिवस हेगमध्ये झोप आणि थंडी यांतच गेले. मे असला तरी वारा बोचतो, स्वेटर आणि बंद चपला हव्यातच. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे आक्का दिवेलागण कधी करायची म्हणून रोज घड्याळ बघत बसायच्या. तिसऱ्या दिवसापासून प्राजक्ता कामावर जाणार होती. तिनं मराठीत चिठ्ठ्या लिहून दिल्या: कुठली ट्राम, कुठलं स्टेशन, कुठल्या दारानं बाहेर. रेल्वेत चढताना आणि उतरल्यावर दोन्ही वेळा फाटकाच्या यंत्राला कार्ड टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे जातात. आमचे एकदा गेले.

हेगहून ॲमस्टरडॅम तासाभराच्या आत येतं. तिथल्या मोठ्या संग्रहालयाचं तिकीट पंचवीस युरोच्या आतबाहेर आहे आणि वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढावं लागतं. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, ती सामानघरात ठेवायची. आमच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती ठेवताना आक्कांनी पिशवीला दोन गाठी मारल्या. स्वच्छतागृह तिथं फुकट असतं, स्टेशनवर पैसे पडतात, म्हणून घाई नसेल तर आत शिरेपर्यंत थांबा. आणि चाकाची खुर्ची मागितली तर मिळते. प्राजक्तानं तीही सांगून ठेवली होती. काउंटरवरच्या बाईंनी आक्कांकडे पाहून हसून खुर्ची पुढे केली, आक्का बसल्या आणि म्हणाल्या, "चल." म्हणजे मी ढकलायचं.

पहिला तासभर मी मनातल्या मनात धुमसत होते. आठ वर्षांपूर्वी सुटलेलं काम समुद्रापार येऊन पुन्हा माझ्या हातात. पण एक मान्य करते, खुर्चीला सगळे वाट देतात. ज्या भल्यामोठ्या चित्रासमोर माणसांची भिंत उभी होती, तिथं आम्ही थेट पुढे पोचलो. टोप्या घातलेले, भाले घेतलेले पुष्कळ पुरुष त्यात होते. आक्कांनी ते निरखून पाहिले आणि एवढ्यांत कामाचा एकही दिसत नाही असं मत दिलं.

खरी मजा भाज्यांच्या चित्रांत आली. तिथं तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी कोबी, गाजरं, द्राक्षं, मारून टांगलेली कोंबडी असलं सगळं इतकं हुबेहूब काढलंय की बाजार समितीत उभं असल्यासारखं वाटतं. आक्कांनी मला थांबायला लावलं आणि एका कोबीकडे बोट दाखवलं. "बाहेरच्या पानाला अळीनं खाल्लंय. बघ." मी वाकून पाहायला गेले. खरंच, पानाला बारीक भोकं होती, आणि कडेला ती अळीही. तेवढ्यात कुठंतरी टीं टीं वाजलं आणि पहारेकरी धावत आला. मी चित्रापुढच्या रेघेच्या पलीकडे गेले होते. आक्का मान फिरवून दुसरीकडे बघायला लागल्या, माझी ओळखच नसल्यासारख्या. पहारेकरी गेल्यावर म्हणाल्या, हे काढणाऱ्यानं कोबी लावलेला असणार, नुसता बघून अळी कुणी काढत नाही. मला पटलं. आठ वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालं आणि ते किडीवर.

मग पुतळ्यांचं दालन आलं. पांढऱ्या दगडातला एक तरुण देव, अंगावर सूतभर कापड नाही. मी खुर्ची वेगानं पुढे काढायला लागले. आक्का अगदी मायेनं म्हणाल्या, "दमली आसशील. हितं जरा थांब." आम्ही चांगली दहा मिनिटं थांबलो. मी छताकडे बघत होते, असं मी घरी सांगितलंय.

जेवायला बाहेरच्या बागेत बाकावर बसलो. तिथं खाण्याला मोल फार, साधं सँडविचसुद्धा आठ-दहा युरोंच्या घरात. बटाट्याच्या तळलेल्या फोडी तेवढ्या परवडतात, त्या आम्ही शेंगदाण्याच्या चटणीसोबत खाल्ल्या. करून बघा. तिकिटावर परत आत सोडतात का हे मात्र दारावर विचारून मगच बाहेर पडा. आम्हाला सोडलं.

दुपारी जे घडलं ते सांगण्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

एका दालनातून शेजारच्या लहान खोलीत जायला चार पायऱ्या होत्या. खुर्ची जाईना. मी आक्कांना तिथंच ठेवून लिफ्ट शोधायला गेले. माझं इंग्रजी पहारेकरी बाईंना आणि त्यांचं मला समजायला वेळ लागला. त्यांना घेऊन परत आले तर खुर्ची रिकामी. आक्का चार पायऱ्या चढून वरच्या खोलीत, हात मागे बांधून, टाचा उचलून एका चित्रात डोकावत होत्या. टाचा उचलून. पहारेकरी बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. मला त्या अकरा माणसांच्या भाकऱ्या एकदम आठवल्या.

मी वर गेले. आक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. ते चित्र लहानसं होतं. एक स्वयंपाकघर. एक बाई खिडकीजवळ बसून काहीतरी सोलतेय, तिच्या गालावर उजेड. मागे अंधारात दुसरी बाई मोठ्या भांड्यावर ओणवी होऊन ते घासतेय.

"बसलेलीचं तोंड काढलंय," आक्का म्हणाल्या. "वाकलेलीचं काढलंच न्हाय."

मी विचारलं, "गुडघा?"

तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि मग माझ्याकडे. लहान पोरीला खडीसाखर चोरताना धरावं तसा चेहरा झाला. त्या काहीतरी सांगायला लागल्या, पण मी ऐकायला थांबले नाही. पायऱ्या उतरले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. मांडीवर पर्स ठेवली.

"आक्का, आता तुमी ढकला."

वाटलं, त्या भडकतील. पण त्या उतरून आल्या, मूठ धरली आणि ढकलायला लागल्या. दोन दालनं मागे पडली. त्या मागे, मी पुढे, एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. बहुतेक म्हणूनच त्यांना बोलता आलं.

"पहिलं वरीसभर खरंच दुखत व्हता," आक्का म्हणाल्या. "मग ऱ्हायला. पर तवर बसायची सवय लागली व्हती. त्या घरात बाईला बसायचं तर काहीतरी दुखायला लागायचं."

"मला सांगायचं व्हतं."

"तुला सांगितलं आसतं तर तूबी बसली आसतीस. मग भाकरी कुणी केली आसती?"

रागावायचं मनात होतं, पण मला हसू फुटलं. दाबायला गेले तर खुर्चीच हलायला लागली. मागून आक्कांचंही सुरू झालं. तिथली मंडळी चित्रं बघायची सोडून आमच्याकडे बघायला लागली. हसू ओसरल्यावर मी वाटणीच्या दिवशी बोलले त्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, खोटं असतं तर विसरून गेले असते, खरं होतं म्हणून झोंबलं.

खुर्ची परत द्यायला गेलो तेव्हा काउंटरवर त्याच बाई होत्या. सकाळी बसलेली बाई आता ढकलत होती आणि ढकलणारी बसली होती. त्यांनी भुवया वर केल्या. आक्का शांतपणे मराठीत म्हणाल्या, "आलटून पालटून." पण काउंटरच्या शेजारीच एक म्हातारे गृहस्थ काठीवर भार देऊन उभे होते, बायको त्यांचा दंड धरून होती. खुर्च्या संपल्या होत्या आणि ते एखादी मोकळी होण्याची वाट बघत होते. मी घाईघाईनं उठले. आक्कांचा चेहरा उतरला. त्यांनी पदरानं बैठक पुसली, त्या गृहस्थांना हाताला धरून बसवलं, त्यांचे पाय उचलून पट्टीवर ठेवले. ते डच भाषेत काहीतरी म्हणाले. आक्का दारापर्यंत दोनदा मागे वळून बघत आल्या. म्हणून सांगते, ज्याला गरज असेल त्यानंच खुर्ची घ्या. आम्ही त्यानंतर घेतली नाही.

पुढचे चार दिवस दोघी पायी फिरलो. हेगमधलं छोटं संग्रहालय, एका जुन्या श्रीमंताच्या घरातलं, अर्ध्या दिवसात आरामात होतं. सोमवारी काही ठिकाणी सुट्टी असते किंवा उशिरा उघडतं, आधी बघून घ्या. आक्का प्रत्येक खोलीत आधी भाज्या शोधायच्या, मग वाकलेल्या बायका. मोजून मला सांगायच्या. चौथ्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, गुडघा दुखतोय. मी म्हटलं, हो का. त्यांनी लुगडं वर करून दाखवला. टम्म सुजला होता. प्राजक्ता माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली, आईला एवढं चालवलं कसं म्हणून. मी मुकाट्यानं मलम चोळत बसले आणि आक्का डोळे मिटून, दर दोन मिनिटांनी, जरा वर, जरा खाली, अशा सूचना देत राहिल्या.

परत येऊन महिना झाला. अजून काय उरलंय म्हणाल तर चित्रांची नावं नाहीत, चित्रकारांची तर नाहीतच. कोबी डोळ्यांपुढे आहे, अळीसकट. भाजी निवडायला बसले की त्या ओणव्या बाईला तोंड कसं असेल याचा विचार येतो. आणि चुली अजून वेगळ्याच आहेत, त्या एक होतील असं मला वाटत नाही, व्हाव्यात असंही नाही.

आलो त्या संध्याकाळी दोन्ही घरची माणसं अंगणात जमली. भाऊजींनी पहिलं विचारलं, गुडघा कसा हाय. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर सांगून टाकायला माझ्यापाशी तेव्हा अख्खी गोष्ट होती.

मी म्हटलं, "थंडीनं वाढलाय. आन् माझाबी धरलाय, डावा."

आता रोज दुपारी चार ते पाच आम्ही दोघी ओट्यावर पाय पसरून बसतो. चहा भाऊजी करतात. साखर जास्त पडते, पण आम्ही बोलत नाही.